पाडण्याआधीची हाक

गळकी छपरं दुरुस्त करा म्हणून गल्लीतले लोक घसा कोरडा पडेस्तोवर ओरडले, तेव्हा सरकारी तिजोरीत खडखडाट होता. शेवटी कंटाळून ते घरं सोडून गेले आणि पाडायला मात्र निधी धो धो आला! बुलडोझरवाल्याचं डोकं त्यानेच तापलं होतं.

घर पाडण्याआधी आत हाक मारायची, ही त्याची रीत. पण सकाळपासून पालिकेच्या साहेबांनी ती मारूच दिली नव्हती. "रिकामीच आहेत रे सगळी, उरक!"

गल्लीतल्या शेवटच्या घरापाशी तो भडकला. इंजिन बंद करून खाली उतरला आणि दारातून ओरडला, "कोणी आहे का घरात?"

"आले हं, दार उघडते."

बाईचा आवाज पाठीमागून आला, सकाळी सपाट केलेल्या जागेतून.

मग तिथे एकामागून एक दारांच्या कड्या निघाल्याचे आवाज येऊ लागले.