आठ जण लागतात

माझी बायको नंदिनी गेल्याचं तिच्या स्क्वेअर डान्स क्लबला कळलं, त्याच दिवशी क्लबच्या कुमागाई-सान जपानमधल्या कावासाकीला आमच्या घरी आल्या. नंदिनी तिथे कॉलर होती. स्वतः नाचता नाचता बाकीच्यांना पुढची हालचाल इंग्रजीत पुकारून सांगायची. आजारपणात तिनं क्लबला जपानीत लिहिलेलं पत्र त्यांनी आणलं होतं; ते माझ्या लेकीनं, चारुतानं, मला मराठीत वाचून दाखवलं. "मी गेल्यावर माझी कॅसेट लावा. नाचायला आठ जण लागतात. माझा नवरा धरून आठ होतील."

"मी नाही येणार," मी म्हणालो. ती क्लबात होती त्या सहा वर्षांत ऑफिसच्या नादात मी तिकडे कधी फिरकलो नव्हतो, आणि आता तिचा आवाज ऐकायचीच मला भीती वाटत होती.

"बाबा, सात जणांना नाचता येत नाही. चल."

"मला डावं-उजवंसुद्धा कळत नाही गं."

"ते अख्ख्या क्लबला माहितीये."

रविवारी हॉलमध्ये कॅसेट सुरू झाली. तिचा आवाज आला. तिनं डाव्या हाताची हालचाल पुकारली. मी घाबरून शेजारच्या बाईंपुढे उजवा हात केला. तेवढ्यात कॅसेटमधून ती मराठीत म्हणाली, "अहो, दुसरा हात."

बाकीचे सातही जण डावा हात पुढे करून माझ्यासाठी शांतपणे थांबले होते.



कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर तिनं "अहो, ही घरी ऐका" असं लिहिलंय. ती ऐकायची अजून राहिली आहे.