कोरडा ओटा

"साहेबांच्या पायाला चिखल लागता कामा नये," असं आमच्या पूरनिवारण समितीचे अध्यक्ष आत्मारामभाऊंनी सगळ्यांना बजावलं होतं. स्वराज्य आल्यावर आमचा खाडीचा बांध बघायला वसईहून पहिल्यांदाच कोणी साहेब यायचे होते. त्यांच्या खुर्चीसाठी देवळापुढे चांगला उंच ओटा घातला, आणि माती जवळ पडते म्हणून ती त्याच बांधाची उपसली.

नारळी पुनवेच्या उधाणाला बांध नेमका तिथेच फुटला. खारं पाणी भातात शिरलं, रस्ता बुडाला, म्हणून साहेब काही आले नाहीत. सगळ्या गावात कोरडा राहिला तो एवढा ओटा.

अनसूयावहिनी एकट्या बाई, त्यांचं वर्षाचं भात त्या पाण्यात उभं होतं. भगदाड बुजेपर्यंत अन्नाला शिवणार नाही, असं त्या देवीपुढे बोलून आल्या. ओट्यावर समितीची सभा चालली होती.

"वहिनी, देवावर भरवसा ठेवा," आत्मारामभाऊ खुर्चीतून म्हणाले. "बांध आम्ही आजच बुजवला असता हो. पण एवढ्या पाण्यात कोरडी माती आणायची कुठून? त्याच्यावरच तर विचार चाललाय."

"चालू द्या, भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या.



मग त्यांनी पदर खोचला, कुदळ-टोपली आणली, आणि अध्यक्षांची खुर्ची होती त्याच कोपऱ्यापासून ओटा खणायला घेतला.