धावड्याची माळ

कचरूला पाहताच मच्छिंद्रअप्पांनी उपरण्यात तोंड लपवलं. काविळीची लस घ्यायला जवळचं भोकरदन सोडून ते मुद्दाम जालन्याला आले होते, आणि दवाखान्यात समोरच्या बाकावर नेमका आपल्याच गावचा, धावड्याचा माणूस!

"आवो, तोंड काय झाकता? चोरी करून राह्यलो का आपण?" शेजारून त्यांच्या पत्नी चतुराबाई म्हणाल्या.

चोरीच होती ती. अप्पांच्या घराण्यात काविळीची माळ बापजाद्यांपासूनची. दर रविवारी मंत्र पुटपुटत अप्पा काड्यांची माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवत. माळ वाढत वाढत गळ्यात उतरे, तशी कावीळही उतरे. नारळापलीकडं कधी काही घेतलं नाही. आपली माळ कधी वाया गेली नाही, याचा त्यांना केवढा अभिमान! पण व्हिएतनामला राहणारी लेक अर्पिता तिकडंच बाळंत झाली आणि फोनवर तिनं बजावलं, "लस घेतल्याबिगर बाळाला हात लावू देणार न्हाई." नातीसाठी अप्पांचा जीव तुटत होता. पण माळ देणाराच सुई टोचून घेतो हे गावात कळलं, की जन्माची पत मातीला मिळणार होती.

कचरू उठून जवळ आला. डोळे हळदीसारखे पिवळे. रविवारी घातलेली माळ तो घाईघाईनं सदऱ्यात कोंबत होता. मान खाली घातली ती त्यानंच.

"अप्पा, रागावू नका. तुमाला कळू ने म्हणून एवढ्या लांब आल्तो. काकूंनीच सांगितलं."

"काय सांगितलं?"

"माळ घालून निघालं, की काकू फाटकापाशी प्रत्येकाला सांगतेत, आता जल्दी दवाखान्यात जा, अप्पाला बोलू नको. समदेच जातेत, अप्पा."

समदेच! अप्पांनी बायकोकडं पाहिलं. चतुराबाई भिंतीवरचं कॅलेंडर न्याहाळत होत्या. अप्पांना आधी राग आला. मग माळेनं बरी झालेली माणसं एकेक करून डोळ्यांपुढं आली. सगळी धडधाकट, नांगर धरणारी, लेकरं खेळवणारी. आणि अप्पांना हसू फुटलं, अगदी पोटातून.

आतून नाव पुकारलं. अप्पांनी उपरणं चतुराबाईंच्या हाती दिलं आणि बाही दंडापर्यंत वर सारली.

"कचरू," ते साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "गावात सांग, येत्या रविवारपासून फाटकापाशी मीच उभा राहणार हाये."