तासाभरासाठी

कूलरची पिन काढताना रूथनं सासूकडं बघितलं नाही.

“तासाभराचं तर काम आहे, आई. माणसं गेली की परत आणून लावते.”

“ने की,” साळूबाई मागच्या खोलीतल्या खाटेवरून म्हणाली. “देवाची मानसं येत्यात. त्यास्नी काय घामाघूम बसवायचं? अन् माज्यासाठीच येत्यात न्हवं!”

येणार होती ती तिच्यासाठीच. गेल्या आठवड्यात म्हातारी बसल्या जागी बरळायला लागली, तेव्हा तिला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय. रूथ म्हणाली, “अहो, त्या उंबऱ्याबाहेर गेल्याच नाहीत.” “मग घरातलंच लागलंय,” डॉक्टर म्हणाले. “रात्रीसुद्धा पत्रा निवत नाही आताशा. म्हाताऱ्या अंगाला थंड व्हायला वेळच मिळत नाही. गार ठेवा त्यांना.” म्हणून रूथच्या नवऱ्यानं, एडविननं, आईसाठी हा कूलर आणला. आणि चर्चच्या बायकांनी तिच्या तब्येतीसाठी घरी प्रार्थनासभा ठेवली. पास्टरांना संध्याकाळी मिरजगावात लग्न लावायला जायचं होतं, म्हणून भर दुपारी तीनला.

सभा पुढच्या खोलीत होती; तिच्यावर पत्रा नाही, स्लॅब होता. खरं तर सासूलाच तिथं आणून निजवता आलं असतं. रूथच्या ते मनात आलंही होतं. पण दुखण्यापासून साळूबाईला कधी कधी अंथरुणातच व्हायचं, आणि आज सकाळपासून दोन चादरी धुऊन झाल्या तरी खोलीतला वास जात नव्हता. रिटायर मुख्याध्यापिका सिल्व्हियाबाई येणार होत्या. त्या तोंडानं काही म्हणणार नाहीत, नाकाला नुसता रुमाल लावतील. तेवढा रुमाल रूथला लाजवायला पुरे होता.

तिनं म्हातारीच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, छताचा पंखा पाचवर केला आणि जाताना दार ओढून घेतलं.

“अगं बाई, स्वर्ग आहे गं तुझ्या घरात!” सिल्व्हियाबाई आल्या आल्या कूलरसमोर बसल्या. “आणि आजी कुठायत?”

“आत्ताच डोळा लागलाय त्यांचा.”

रूथ स्वतःशीच चकित झाली. किती सहज आलं तोंडून.

गीत झालं. दुसरं झालं. वाचन झालं. देवानं आपला गुडघा कसा बरा केला याची सिल्व्हियाबाईंनी साक्ष दिली, ती डाव्या गुडघ्यावरून उजव्यावर गेली. तास केव्हाच उलटला. रूथनं दोनदा दाराकडं बघितलं. उठून जावं, तर कुणीतरी विचारणार, आणि मागोमाग आत येणार. शेवटी पास्टरांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले.

“हे दयाळू पित्या,” ते सावकाश म्हणाले, “बाहेर आगीसारखं ऊन आहे. तुझी दासी साळूबाई अशक्त झाली आहे. तिला तुझ्या सावलीत घे, बापा. तिच्या अंगाला गारवा दे…”

रूथच्या कपाळावरचे केस भुरभुर उडत होते. दमट, वाळ्याच्या वासाचा वारा तिच्या गळ्यावरून, पदराखालून अंगभर फिरत होता. गारवा. मघापासून तो आपण घेत बसलोय.

ती उठली आणि तिनं कूलरची पिन ओढली.

घरघर थांबली तसा पास्टरांचा आवाज एकदम मोठा झाला. इतका, की तेच दचकून गप्प झाले. सगळ्यांनी डोळे उघडले. रूथनं मागच्या खोलीचं दार ढकललं.

तापल्या तव्यावर वाकावं तशी हवा तोंडावर आली. पंखा फिरत होता आणि तीच हवा म्हातारीवर टाकत होता. तांब्या जसाच्या तसा भरलेला. साळूबाईचे डोळे अर्धे उघडे होते. अंग चटका बसेल असं, आणि घामाचा टिपूस नाही.

“आई! अहो आई!”

मग सगळेच उठले. पास्टरांनी कोट काढून टाकला आणि म्हातारीच्या अंगाखालच्या ओल्या चादरीची दोन टोकं स्वतः धरली. तिला पुढच्या खोलीत आणलं. तिच्याबरोबर वासही आला. नाकाला रुमाल कुणीच लावला नाही. सिल्व्हियाबाईंनी आपल्या नव्या साडीचा पदर बादलीत बुडवून म्हातारीची मान आणि काखा पुसायला घेतल्या. कुणीतरी अँब्युलन्सला फोन केला. कूलर पुन्हा सुरू झाला.

बऱ्याच वेळानं साळूबाईनं डोळे उघडून इतक्या माणसांकडं बघितलं. बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. “अँब्युलन्स फाट्यापर्यंत आलीय,” पास्टर म्हणाले.

सिल्व्हियाबाई उशी आणायला आत गेल्या होत्या. परत आल्या त्या आपल्या तळहाताकडं बघत.

“खाटेचा लोखंडी कठडा धरवत नाही गं, रूथ. भट्टी आहे ती खोली.” त्यांनी कूलरकडं बघितलं, मग रूथकडं. “आजी इतका वेळ तिथंच होत्या? आपण इथं बसलो होतो तेव्हा?”

रूथनं तोंड उघडलं. मघाशी इतकं सहज बोलणारं तेच तोंड आता कोरडं पडलं होतं.

“न्हाई वो, बाई,” जमिनीवरून साळूबाईचा बारीक आवाज आला. तिनं चाचपडत सुनेचा हात धरला. “तिकडं बी गारच हुतं.”

“आमेन,” पास्टर सवयीनं म्हणाले.