मीठ अगदी बेताचं

हेप्झिबाला कळलं. पण तिला काहीच कळलं नाही, असं धरून आपण पुढे जाऊ. करंजाड्याच्या त्या फ्लॅटमध्ये तशीच पद्धत होती.

तर शुक्रवारची संध्याकाळ. घर बेने इस्रायली ज्यूंचं, त्यामुळे शब्बाथचे दिवे लागलेले. तिच्या नवऱ्यानं, नाथननं, काळ्या मनुकांच्या सरबतावर प्रार्थना म्हटली, पोळीचा तुकडा मिठात बुडवला आणि तोंडात टाकला. मीठ वाळूसारखं करकरलं. बाकी काही नाही. होळीच्या दिवसांत, पुरिमच्या सणाच्या आसपास त्याची जीभ न सांगता रजेवर गेली होती, ती अजून कामावर हजर झाली नव्हती.

मागे जिभेच्या कडेची गाठ काढली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुन्हा चव गेली, तर त्याच दिवशी या." नाथन गेला नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलीचं, लियोराचं, इस्रायलमध्ये अश्दोदला बाळंतपण होतं. दोघांची तिकिटं काढून झाली होती. हेप्झिबानं लाडवांसाठी डिंकसुद्धा आणून ठेवला होता. नातवंड एकदा हिच्या मांडीवर येऊ दे, मग जिभेचं बघू, असं नाथननं ठरवलं. तोवर चव आहे असं दाखवायचं.

ते सोपं नव्हतं. हेप्झिबाला अलीकडे दर शुक्रवारी नवीन पदार्थ करायचं वेड लागलं होतं. पूर्वी शुक्रवार म्हणजे मासळी आणि भात. नवरा बदलेल, पण मेनू नाही. आता ती मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून मोरोक्कोच्या पद्धतीचा रावस करायची, येमेनचं सूप करायची. एका शुक्रवारी तिनं कारल्यात खजूर भरले. कारल्याला हे आवडलं असावं असं वाटत नव्हतं.

नाथननं सगळं खाल्लं. त्यानं कौतुकाचा एक मसुदाच बसवून ठेवला होता. नुसतं छान म्हटलं की संशय येतो, म्हणून आधी एक खोड काढायची. "आलं जरा पुढे आलंय." "लिंबू कमी चाललं असतं." आणि शेवटी, "मीठ मात्र अगदी बेताचं."

"जेवताय की पत्र लिहिताय?" हेप्झिबा म्हणायची. "'सदर मासळी मिळाली, आभारी आहोत.'"

त्यात तथ्य होतं. नाथननं जन्मभर जासईच्या कंटेनर यार्डात पत्रंच लिहिली होती. सदर माल चुकून आमच्याकडे उतरला आहे, तरी परत न्यावा, अशी. त्यातला एकही कंटेनर कुणी परत न्यायला आल्याचं त्याला आठवत नव्हतं.

मघाशी शेजारची हेतल ताक घेऊन आली होती. हेप्झिबानं तिला दारातूनच परत पाठवलं. "आज मटण आहे ना गं. उद्या दे." धर्माच्या नियमाप्रमाणे मटणाच्या दिवशी दूधदुभतं त्या घरात टेबलावर सोडा, ओट्यावरही येत नसे. दोन्हींची भांडीसुद्धा वेगळी.

आजचं नवीन मटण पांढऱ्या रश्शातलं होतं. नाथननं घास घेतला. गरम आहे, मऊ आहे, एवढीच माहिती मिळाली. हेप्झिबा बघत होती. त्यानं रंगावरून अंदाज बांधला.

"वा! दही काय लागलंय! आंबटपणा मोजून घातल्यासारखा. आणि मीठ अगदी बेताचं."

मटणात दही. नाथनच्या घराण्यात हे वाक्य आजवर कुणी थट्टेतसुद्धा उच्चारलं नव्हतं.

"नारळाचं दूध आहे, अहो."

"तेच म्हणतोय मी."

"दही म्हणालात."

"जीभ घसरली."

"जीभ," हेप्झिबा म्हणाली.

नाथन पाणी प्यायला. पाण्याची चव तेवढी अजून पूर्वीसारखी होती.

"आणि मीठ?" तिनं विचारलं.

"बेताचं आहे म्हटलं ना."

"मीठ नाहीये. पुरिमनंतर मी एकदा मासळीत घालायला विसरले. तुम्ही बेताचं म्हणालात. तेव्हापासून घातलंच नाही."

"म्हणजे तूसुद्धा आळणीच खात होतीस?"

"वरून घेतलं असतं तर तुम्ही बघितलं असतंत. दर शुक्रवारी काहीतरी वेगळं करून बघत होते. वाटायचं, एखादं तरी लागेल तुमच्या तोंडाला. खजूर लागेल. मिरची लागेल."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आणि तुम्ही सांगू नये, असंही वाटायचं. सांगितलंत की खरं झालं असतं."

"पण लियोराकडे जायचं..."

"तिकिटं मी कधीच रद्द केली. तिची सासू आहे तिथे."

"आणि डिंक?"

"डिंक टिकतो."

भिंतीवरच्या चित्रात नवसाला पावणारा प्रेषित एलियाहू हनाबी रथात बसून स्वर्गाकडे निघाला होता. नेहमीसारखा घाईत. गेल्या वेळी गाठ काढली, तेव्हा त्याच्याच नावानं या घरात नवसाचा मलिदा झाला होता. हेप्झिबा उठून चित्रासमोर उभी राहिली. तिनं पदर डोक्यावर घेतला. आता ही नवस बोलणार, असं नाथनला वाटलं.

तिनं घसा साफ केला आणि नवऱ्याच्या कचेरीतल्या आवाजात म्हणाली, "महोदय, सदर माल आमचा नसून तो आमच्या पत्त्यावर चुकून दुसऱ्यांदा उतरवण्यात आला आहे. तरी तो विनाविलंब परत नेण्यात यावा, ही नम्र विनंती."