कप्तानाचा कोट

“हा माणूस इथून पुसा,” आजोबा म्हणाले.

त्यांचं बोट शिडीवरच्या खलाशावर होतं. चित्रात युद्धातल्या पाणबुडीची मधली खोली होती, जिथून बोट चालवली जाते. भिंतीभर नळ्या आणि चाकं, एका बाजूला पेरिस्कोप, मधोमध बाहेर पडायची उभी शिडी. बघणाऱ्याची नजर वर जावी म्हणून चित्रकार बाईंनी शिडीवर एक माणूस चढवला होता. अख्ख्या चित्रात त्यांचा तोच लाडका होता.

“शिडीवर कोणी नव्हतं. एकही नाही.”

बाईंनी खोडरबर उचललं.

चित्र संग्रहालयासाठी होतं, भिंतीएवढं व्हायचं होतं. ती पाणबुडी बंदराच्या तोंडाशी सुरुंगावर आदळून बुडाली होती. तिच्यावरच्या माणसांची मुलंनातवंडं उद्घाटनाला येणार होती. आपला माणूस शोधणारे डोळे चुकीला माफी देत नाहीत, हे बाई जाणून होत्या. त्यांनी गणवेशांची पुस्तकं पालथी घातली होती, संग्रहालयातल्या कपाटातली टोपी न् टोपी कागदावर उतरवली होती. पण पुस्तकातले सगळे कसे फोटोला उभे राहिल्यासारखे. प्रत्यक्षात अंगावर काय असायचं, कोण कुठे असायचं, ते कुठेच सापडत नव्हतं.

त्या बोटीवरचं कोणी मागे उरलं असेल, असं बाईंच्या मनातही आलं नव्हतं. त्यामुळे संग्रहालयाच्या साहेबांनी, “त्या बोटीत पाय ठेवलेला एकच माणूस आता हयात आहे,” असं म्हणून पत्ता दिला, तेव्हा दुसऱ्याच सकाळी कागदांची गुंडाळी काखोटीला मारून त्या इथे हजर झाल्या.

सुनेने दारातच कानावर घातलं होतं. बाबा या विषयावर घरात चकार शब्द काढत नाहीत. यांनी लहानपणी खोदून खोदून विचारलं, तर सरळ चपला घालून बाहेर पडायचे म्हणे. तुम्हाला ‘या’ म्हणाले, हेच नवल.

आता मात्र आजोबा बोलत होते. पांढऱ्याशुभ्र गणवेशातली बाईंची माणसं बघून आधी ते हसले. कवायतीला निघालेत का सगळे, म्हणाले. मग एकेकाचे कपडे उतरवायला लावले. अंगात बनियन, तेही तेलाने काळं झालेलं. अर्ध्या चड्ड्या. गळ्यात हात पुसायचं फडकं. पायात पातळ तळव्याचे बूट. यंत्रांपाशी जो आहे, त्याच्या कमरेला पट्टा नको, सुतळी दाखवा. हेडफोनवाल्याचं बनियन उलटं, शिवण बाहेर.

बाईंची पेन्सिल पुरी पडेना. इतक्या वर्षांनी एखाद्याच्या बनियनची शिवण आठवावी! माणूस पाठीला डोळे घेऊन जन्माला आला असावा, असं त्यांना वाटलं.

मधेच त्यांनी विचारलं, की ही मंडळी आपसात काय बोलायची, थट्टामस्करी कोण करायचं. आजोबांनी मान हलवली. ते सांगता येणार नाही. नावंही विचारू नका. चेहरे तुम्ही फोटोंवरून घ्या.

जखम अजून ओली आहे, असं समजून बाईंनी तो विषय सोडला.

“या चाकापाशी तिघे काढा,” आजोबा म्हणाले. “एक हा, एक तो, आणि मधे स्वयंपाकी, कमरेच्या एप्रनसकट.”

स्वयंपाक्याची जागा मागे, चुलीपाशी असते. बाईंनी तसं वाचलं होतं. आजोबांनी ते नाकारलं नाही. एरवी तिथेच असेल, म्हणाले.

“पण तेव्हा इथे होता. पाणी येत होतं ती झडप बंद करायचं चाक हे. तिघांचे सहा हात त्याच्यावर.”

बाईंनी सहा हात काढले. बोटं एकमेकांत गुंतली.

उरला कप्तान. त्याच्यासाठी बाईंनी फार मेहनत घेतली होती. जाड निळा कोट, बाहीवर सोनेरी फिती. एकही फीत इकडची तिकडे नव्हती. आजोबांनी त्या कोटावरून हळूच बोट फिरवलं आणि तो अगदी हुबेहूब असल्याचं सांगितलं.

“फक्त तो त्याच्या अंगावर नव्हता.”

“मग?”

“तो कोपऱ्यात बसलाय ना, सगळ्यात लहान दिसतो तो? त्याच्या. कप्तान शेजारी नुसत्या बनियनवर. त्याचा हात पोराच्या खांद्यावर. गारठा वाढला असावा.”

संग्रहालयाचे साहेब आक्षेप घेणार, हे उघड होतं. कप्तानाच्या फिती साध्या खलाशाच्या अंगावर! पण बाईंनी ठरवून टाकलं, चित्र असंच होणार. नाहीतर होणारच नाही. त्यांनी कप्तानाच्या अंगावरून कोट पुसला आणि त्या पोराला घातला. बाह्या त्याच्या बोटांपर्यंत आल्या.

आजोबांनी चित्रावरून एकदा नजर फिरवली. मग खुर्चीच्या हातांना धरून उठले आणि ताठ उभे राहिले.

“अशी माणसं पुन्हा बघितली नाहीत मी,” ते म्हणाले.

बाईंचे डोळे भरून आले होते. अशा माणसांबरोबर राहिलेला एक जण आपल्यासमोर उभा आहे आणि त्याने स्वतःबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. ते उभे असताना बाईंच्याने बसून राहवेना. त्याही उठल्या आणि त्यांनी पेन्सिल आजोबांच्या हातात दिली.

“आजोबा, आता तुमची जागा दाखवा. तुम्हाला वगळून हे चित्र मला पुरं करायचं नाही.”

आजोबांनी पेन्सिल परत केली.

“मी यांच्यातला नव्हे, पोरी. बुडालेली बोट तळातून वर काढली, तेव्हा झाकण उघडून पहिला आत उतरलो तो मी. हे सगळे मला असेच सापडले.”