राखणीचा भोंगा

रणधीरनं मोटारसायकल बांधावर लावली आणि तो ज्वारीच्या कडेलाच थबकला. येडशीच्या डोंगराकडून वारं येत होतं आणि त्या वाऱ्यावर श्रीनाथचा आवाज. बेंबीच्या देठापासून निघून घशात फाटत जाणारी ती लांबलचक गर्जना. श्रीनाथला जाऊन तेरा महिने झाले होते.

आवाज रानातल्या राखणीच्या माळ्याच्या खांबाला बांधलेल्या भोंग्यातून येत होता. बाजारात मिळतो तसला, हातात धरायचा भोंगा. बटण दाबून एकदा आरडायचं, मग तो दिवसभर तेच आरडत राहतो. माळ्याखाली गोणपाटावर श्रीनाथची आई, धुरपदाबाई, बसली होती. तिनं रणधीरला ओळखलं, हात वर करून भोंगा बंद केला आणि पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. घरच्यांची विचारपूस केली. दहाव्याला येऊन गेलेला हा पोरगा पुन्हा फिरकला नाही, याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं रणधीरला वाटलं.

कळंबच्या चार पोरांनी आठ वर्षांपूर्वी हेवी मेटलचा बँड काढला होता. नाव ‘गोफण’, धुरपदाबाईच्या हातातली बघून ठेवलेलं. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. श्रीनाथ गायला लागला की शेजारची म्हातारी त्याच्यावरून मीठमोहऱ्या उतरून टाकायची. गणपतीत वाजवायला उभे राहिले, तर दुसऱ्याच गाण्याला मंडळाच्या अध्यक्षानं वायर उपटली. तरी पोरं हटली नाहीत. अडत दुकानामागच्या गोदामात, तुरीच्या पोत्यांमधे शिवानंद ड्रम बडवायचा, योगीराज आणि रणधीर गिटार वाजवायचे आणि श्रीनाथ गरजायचा. आधी लातूर, मग सोलापूर, मग थेट पुण्यापर्यंत नाव गेलं. आता कुठं दिवस येतील असं वाटत होतं, तेवढ्यात ताप मेंदूत गेल्याचं निमित्त झालं आणि सहा दिवसांत श्रीनाथ गेला.

बँड तिथंच बसला. पाच गाणी रेकॉर्ड होऊन पडली होती. सहाव्यात सगळं होतं, फक्त शेवटची गर्जना राहिली होती. लोहाऱ्याचा एक गायक आणून बघितला. चांगला होता बिचारा, पण तो गायला लागला की हे तिघं जमिनीकडं बघत बसायचे.

ती गर्जना या भोंग्यात होती. श्रीनाथनंच फोनवर हसत हसत सांगितलं होतं. आई म्हणाली, एवढा घसा फाडतोस तर रानात फाड, पाखरं तरी उठतील. म्हणून त्यानं गाण्याचा शेवटच भोंग्यात भरून दिला होता. दुसऱ्या दिवशी ताप आला.

रणधीरनं अडखळत सगळं सांगितलं. गाणं पुरं करायचंय, मोबाइलमध्ये तेवढा आवाज घेतो, भोंग्याला धक्का लागणार नाही. धुरपदाबाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्यातलं किती घेणार? रणधीरला प्रश्नच कळला नाही.

“जवळ ये,” ती म्हणाली. “बांधावरनं सगळं ऐकू येत न्हाय.”

तिनं भोंगा सुरू केला. गर्जना उठली, लांबली, संपली. आणि तिच्या मागून, तोंड बाजूला वळवून बोलल्यासारखा, श्रीनाथचा साधा घरातला आवाज आला.

“झालं का गं, आये? बास?”

मग खट्ट वाजलं आणि गर्जना पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

रणधीरच्या डोळ्यांना पाणी आलं. स्टेजवर लोक शिट्ट्या मारत असायचे, आणि हा गडी मागं वळून असंच हळूच विचारायचा, बरं झालं का रे. या तिघांनी कधी धड उत्तरच दिलं नव्हतं.

“आमाला निस्ती गर्जना लागंल, मावशी,” तो म्हणाला. “मागचं कापावं लागतंय.” बोलताना त्याची त्यालाच लाज वाटली.

धुरपदाबाईनं मान हलवली. “ने मग. आरडलेलं पाखरासाठी हुतं, ते कुणालाबी ऐकीव. मागचं माझं हाय.”

रणधीरनं मोबाइल भोंग्याजवळ धरला. मधेच वारं शिरत होतं, म्हणून तीनदा घ्यावं लागलं. तिसऱ्या वेळी त्याचं लक्ष समोर गेलं. दाणा भरलेल्या कणसांवर भोरड्यांचा थवा बसला होता. डोक्यावर एवढी गर्जना चालू होती, पण एक पाखरू हललं नाही. खाऊन खाऊन कणसं बोडकी व्हायला लागली होती.

“मावशी, पाखरं तर उठंनात की.”

“औंदा भीत न्हाईत. वळखीचा झालाय त्यांच्या.”

तिच्याजवळ गोणपाटावर गोफण पडली होती, शेजारी ढेकळांचा लहानसा ढीग. राखण कशानं चालली होती ते रणधीरला आता समजलं. तो म्हणाला, मग बंद तरी करा, उगी बॅटरी जाते. धुरपदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. गोफणीत ढेकूळ घातलं.

भोंग्यातली गर्जना संपली.

“झालं का गं, आये? बास?”

“इतक्यात न्हाय रं, बाळा,” धुरपदाबाई म्हणाली आणि तिनं गोफण फिरवली.